खालचे बटण

मित्रांनो, मी रोलवर चालणारा एक जुना कॅमेरा आहे आणि मी फार भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही मला हसणार नाही. पत्र्याच्या वस्तूला कसली भीती, असे लोकांना वाटते. पण माझ्या पोटात अंधार असतो आणि त्या अंधारात माणसांचे चेहरे असतात. माझे मागचे दार चुकून उघडले तर उजेड आत घुसतो आणि सगळे चेहरे कायमचे जातात. पोटात असे काही घेऊन जगायचे असेल, तर भीती वाटणारच.

एका मोठ्या कारखान्यात डोळ्याला भिंग लावून बसलेल्या एका बाईने माझे शेवटचे चार स्क्रू पिळले. तेव्हापासून अंधार ही माझी सवय आहे. माझा पडदा उघडतो तो पापणी लवायच्याही आत मिटतो. तेवढेच मला दिसते. बाकीचा सगळा वेळ मी चामड्याच्या पेटीत बसून ऐकत असतो.

माझे मालक पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होते. घरोघर जाऊन मीटरवरचे आकडे वाचायचे, हे त्यांचे काम. मालकीणबाई घरीच कपडे शिवायच्या. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्या दोघांनी मला दुकानातून आणले. पहिल्याच दिवशी त्यांच्यात कामाची वाटणी झाली, आणि ती चाळीस वर्षे बदलली नाही. फोटो मालकांनी काढायचा. रोल घालायचा आणि काढायचा मालकीणबाईंनी. शिलाईच्या कामामुळे त्यांची बोटे फार हुशार होती. मालकांची बोटे जाड. पहिल्याच रोलला त्यांनी माझी फिल्म दुमडून ठेवली होती.

"द्या इकडे," मालकीणबाई म्हणाल्या होत्या. "तुम्ही आकडे वाचा. याच्या पोटातलं मी बघते."

एकदा मी सायकलच्या कॅरिअरवरून पडलो. किती फोटो झाले ते दाखवणारा माझा काटा मोडला. दुरुस्तीला न देता मालकीणबाईंनी पेटीच्या झाकणात एक कागद चिकटवला. मालकांनी फोटो काढला की त्या पेन्सिलीने एक रेघ मारायच्या. छत्तीस रेघा झाल्या की मला मांडीवर घ्यायच्या, खालून काहीतरी करायच्या, वरची छोटी मूठ गरगर फिरवायच्या आणि रोल काढून मालकांच्या हातात द्यायच्या. खालून काय करायच्या, हे मालकांनी कधी विचारले नाही. त्यांनीही कधी सांगितले नाही. गरजच पडली नाही.

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. अर्धा रोल काढायचा नाही. उरलेले फोटो वाया गेले तर त्यांच्या जिवाला लागायचे.

मग त्या आजारी पडल्या. घरात माझी पेटी उघडेनाशी झाली. तेव्हा तीस रेघा होत्या. आजारपणात त्या मालकांना आपला फोटो काढू देत नसत. "बरी झाले की काढा, हे तोंड काय कुणाला दाखवायचं आहे?" म्हणायच्या.

एका दुपारी मालक औषधे आणायला गेले होते. मालकीणबाईंनी मला पेटीतून काढले. शिलाई मशीन कपाटासमोर होते आणि कपाटाच्या दाराला आरसा होता. त्यांनी मला मशीनवर ठेवले, माझे तोंड आरशाकडे केले आणि माझ्यामागे खुर्ची ओढून बसल्या. मग शिवणाच्या टेपने त्यांनी माझ्यापासून आरशापर्यंतचे अंतर मोजले. "तीन फूट," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि माझ्या भिंगाची कडी तीनवर आणली.

मित्रांनो, तिथेच चूक झाली. आरशातले माणूस आरशावर नसते. ते आरशासमोर जितके लांब असते, तितकेच आरशाच्या मागे लांब दिसते. कडी सहाच्याही पुढे हवी होती. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण मला आवाज नाही. त्यांनी बटण दाबले. क्षणभर मला आरसा दिसला, त्याच्या कोपऱ्यात चिकटवलेला एक पांढरा कागद दिसला, आणि त्यामागे त्यांचा चेहरा. मला तेव्हाच कळले की कागद स्वच्छ आला आणि चेहरा धूसर. त्यांनी झाकणात एकतिसावी रेघ मारली. ती वाकडी आली असावी, कारण पेन्सिल कागदावर घसरल्याचा आवाज मी ऐकला.

त्याच संध्याकाळी त्यांना दवाखान्यात हलवले. मला मालकांनी का कोण जाणे सोबत घेतले होते. तिसऱ्या दिवशी मी पलंगाशेजारच्या खुर्चीवर होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, एकतीस नंबरचा माझा आहे. मीच काढलाय. रोल संपवा आणि बघा."

"तूच संपव घरी येऊन," मालक म्हणाले.

त्या घरी आल्या नाहीत.

त्यानंतर अकरा महिने मी पेटीत होतो. मालकांनी आरशासमोर उभे राहणे सोडले. दाढी ते नळावर, चाचपून करायचे. आजारपणातला मालकीणबाईंचा दुसरा एकही फोटो घरात नव्हता. जो होता तो माझ्या पोटात. मालक कधीकधी पेटी मांडीवर घेऊन बसायचे आणि परत ठेवून द्यायचे. मला दोन्हीकडून धास्ती होती. रोल खराब झाला तर? आणि नाही झाला, धुऊन आला, मालकांनी मोठ्या आशेने हातात घेतला आणि त्यांना बायकोऐवजी धुके दिसले तर?

शेवटी त्यांच्या मुलीने विषय काढला. गावात हौशी फोटोवाल्यांचे एक मंडळ होते. ते शनिवार-रविवार समुद्रावर फोटो काढायला निघाले होते.

"बाबा, पाचच फोटो उरलेत ना? तिथं जाऊन काढून टाका. मी नाव दिलंय तुमचं."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर गेला असता का?"

मालकांनी पिशवी भरायला घेतली. मी मात्र पेटीत गारठलो. समुद्र! कॅमेऱ्याला समुद्राइतके वाईट काही नाही. वाळूचा एक कण आत गेला तर फिल्म ओढणाऱ्या चाकांचे दाते झिजतात. खारे पाणी गेले तर आठवड्यात गंज. आणि माझ्या पोटात एकतीस नंबर.

बसमध्ये मालकांच्या शेजारी एक औषधाचे दुकान चालवणारा गृहस्थ बसला. त्याच्या गळ्यात नवा मोठा कॅमेरा होता आणि तोंड क्षणभरही बंद नव्हते.

"काका, बघू? अरे वा! याला पेन्शन लागू झाली का नाही अजून?"

"मला झालीय. त्याला नाही," मालक म्हणाले.

"यात बॅटरी कुठं असते?"

"नसते."

"मग चार्ज कसा होतो?"

"होत नाही. आमच्यासारखाच आहे. जेवढं आहे तेवढ्यावर चालतो."

पुढच्या बाकावरून एक बाई हसल्या. त्या मंडळाच्या प्रमुख. एके काळी त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता, आणि सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांनी मला हातात न घेता नुसते वाकून पाहिले. मला बरे वाटले. जाणत्या माणसाचा हात आधी थांबतो.

"रोल आहे आत?" त्यांनी विचारले.

"आहे. पाच उरलेत."

"मग जपा, भाऊ. वारा आणि वाळू दोन्ही वाईट."

शनिवारी दुपारी मालकांनी तीन फोटो काढले. एक वाळूवर पालथ्या घातलेल्या होडीचा, एक दोरखंडाच्या वेटोळ्याचा. तिसरा औषधवाल्याचा, कारण त्याने पोज देऊनच ठेवली होती. प्रत्येक वेळी पडदा उघडताना मी जीव मुठीत धरायचो. वारा नुसता सुटला होता आणि माझ्या कडांवर वाळू टकटक आपटत होती. फोटो झाला की मालक वाऱ्याला पाठ करून उभे राहायचे, पेटीच्या झाकणात रेघ मारायचे आणि मला सदऱ्याखाली घालायचे. चौतीस रेघा झाल्या.

रविवारी सकाळी ओहोटी होती. खडक उघडे पडले होते. मंडळातले सगळे किनाऱ्याजवळ घोळक्याने उभे होते, आणि मालक एकटे पुढे निघाले. ताईंनी हाक मारली, "भाऊ, फार आत जाऊ नका! पाणी फिरलं की कळत नाही."

"आलोच," मालक म्हणाले.

ते एका खडकावरून दुसऱ्यावर गेले. त्यांच्या चपलेखाली शेवाळ पचपचत होते. एका खडकावर उभे राहून त्यांनी एक फोटो काढला. पडदा उघडला तेव्हा मला पाणी दिसले. ते जवळ होते. मालकांनी पस्तिसावी रेघ मारली आणि तिथेच उभे राहिले. शेवटचा फोटो ते काढेनात. एवढा एक झाला की रोल संपणार होता, आणि रोल संपला की बघावे लागणार होते. ते किती वेळ उभे होते ते मला सांगता येणार नाही. मला फक्त खालचा आवाज ऐकू येत होता. आधी पाणी खडकांना चाटत होते. मग आपटू लागले. मग आमच्या मागूनही आवाज यायला लागला.

मागूनही, मित्रांनो. म्हणजे परतीच्या वाटेवर पाणी आले होते.

"काका! अहो काका! मागं बघा!" लांबून औषधवाला ओरडला.

मालकांनी मागे पाहिले. दचकून त्यांच्या बोटाने बटण दाबले गेले. छत्तिसावा फोटो कशाचा आला, ते मला आजही माहीत नाही. मला नुसते पांढरे दिसले. पाठोपाठ लाट आली. मालकांचा पाय सरकला आणि ते गुडघ्यावर पडले. एका हाताने त्यांनी खडक धरला असता तर सावरले असते. पण त्यांनी दोन्ही हातांनी मला डोक्यावर धरले.

सोडा मला, मी मनात ओरडत होतो. खडक धरा, सोडा मला! आणि त्याच वेळी दुसरे मन म्हणत होते, सोडू नका. माझी भीती किती स्वार्थी होती ते मला त्या क्षणी कळले.

दुसरी लाट त्यांच्या छातीपर्यंत आली. तिचे तुषार माझ्या अंगभर उडाले. खारट थेंब माझ्या सांध्यांत शिरले. मग कुणीतरी मालकांची कॉलर मागून गच्च धरली. औषधवाला होता. कमरेपर्यंत पाण्यात उभा.

"धरा मला! त्याला नाही, मला धरा!"

"हा भिजेल."

"खड्ड्यात गेला तो! तुमच्या मुलीला काय सांगू मी?"

त्याने ओढत, शिव्या देत मालकांना किनाऱ्यावर आणले. त्याचा स्वतःचा नवा कॅमेरा त्याने वाळूवर तसाच टाकला होता. त्या दिवसापासून त्याच्या बडबडीचा मला राग येत नाही.

आम्ही लॉजच्या खोलीवर आलो. मालकांचा गुडघा फुटला होता, पण त्यांचे लक्ष माझ्याकडे होते. ते टॉवेलने मला पुन्हा पुन्हा पुसत होते.

"आत पाणी गेलं असणार," औषधवाला म्हणाला. "पटकन उघडा नि पुसा. खारं पाणी आहे. उशीर केलात तर फोटो सडतील सगळे."

"तसं उघडायचं नसतं. आधी रोल गुंडाळायचा असतो," मालक म्हणाले. "एवढं मला माहीत आहे. ती करायची ते बघितलंय मी."

त्यांनी वरची छोटी मूठ उघडली आणि फिरवली. ती फिरेना.

मित्रांनो, माझ्या बुडाला एक छोटे बटण आहे. तांदळाएवढे. ते आधी दाबले की फिल्म मोकळी होते आणि मग मूठ फिरते. चाळीस वर्षे मालकीणबाई मला मांडीवर घेऊन तेच करत होत्या. पण ते मांडीच्या बाजूला असायचे. समोर बसलेल्या मालकांना ते कधी दिसले नव्हते.

"पाण्यानं जाम झालंय," मालक म्हणाले आणि त्यांनी जोर लावला.

मी माझ्या सगळ्या दात्यांनी फिल्म धरून ठेवली होती. मला सोडता येत नव्हते. त्यांनी आणखी जोर लावला. आत कट्ट असा आवाज झाला आणि रोलच्या पत्र्याच्या नळकांड्याजवळ फिल्म तुटली. मूठ एकदम मोकळी फिरायला लागली. गरगर, गरगर.

"झालं!" मालकांचा चेहरा उजळला असणार, कारण त्यांचा आवाज उजळला होता. "मोकळी फिरतेय बघा. अशीच फिरायची. रोल आत गेला."

रोल आत गेला नव्हता. तो सगळाच्या सगळा दाराच्या मागे उघडा पसरला होता. एकतीस नंबर दाराला टेकून होता. खिडकीतून सकाळचे ऊन माझ्या अंगावर पडले होते. मालकांनी मूठ दोन बोटांत धरली. ती वर ओढली की दार उघडते. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ घाबरलो आहे, पण त्या दोन बोटांइतका कशालाच घाबरलो नाही.

मूठ वर सरकू लागली. केसभर. आणखी केसभर.

तेवढ्यात ताई मलमपट्टीचे सामान घेऊन दारात आल्या.

"भाऊ, गुंडाळताना खालचं बटण दाबलं होतं ना?"

"कुठलं बटण?"

ताईंच्या हातातले सगळे सामान खाली पडले.

"हात काढा! हात काढा त्याच्यावरून! दार उघडू नका!"

मालकांची बोटे जागच्या जागी थांबली. ताईंनी हलकेच मूठ खाली दाबून बसवली आणि मला उलटे करून ते बटण दाखवले. मालकांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"हे होतं होय," ते म्हणाले. "एवढंच होतं."

"जोर लावलात?"

"लावला."

"मग तुटली असणार. हरकत नाही. तुटलेली चालते, उजेड लागलेली चालत नाही. अंधार करू आपण." मग त्या औषधवाल्याकडे वळल्या. "बॅगेतलं तुमचं ते जाड जॅकेट काढा. आणि खिडकीला चादर लावा. नुसते बघत काय बसलात?"

जॅकेट पलंगावर पसरले. मला आत ठेवले, सोबत रोल ज्यात विकत मिळतो ती झाकणाची काळी डबी ठेवली. चेन बंद केली, गळा आणि खालची कड दुमडून दाबली, वर दोन रजया टाकल्या. आता दोन बाह्यांतून हात आत घालायचे आणि अंधारात, न बघता, फिल्म उलगडून डबीत भरायची.

"तुम्ही करा, ताई," मालक म्हणाले. "माझी बोटं जाड आहेत. मी नाही हात लावणार."

"माझी बोटं सांधेदुखीनं धरलीत, भाऊ. मी सांगते, तुम्ही करा. घाई नाही."

आणि मालकांचे हात आत आले. गार, खारट, भ्यालेले. त्या पहिल्या रोलनंतर चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ते हात माझ्या पोटापर्यंत आले होते. मागचे दार उघडले. अंधार होता. बाहेरून ताईंचा आवाज येत होता, "कडेला धरा, मध्ये बोट लावू नका. हळू. सैल सोडा. ती आपणहून वळते." मालक श्वास रोखून एकेक वेटोळे काढत होते. एकदा फिल्म त्यांच्या हातून सुटली आणि ते कळवळून "गेली!" म्हणाले. "कुठं जातेय? जॅकेटमध्येच आहे," औषधवाला म्हणाला. ताई हसल्या. मालक हसले नाहीत, पण त्यांचे हात जरा स्थिर झाले. डबीचे झाकण टक् करून बसले तेव्हा कुठे मालकांनी बाह्यांतून हात बाहेर काढले.

माझे म्हणाल, तर मीठ मला भोवलेच. त्याच आठवड्यात माझा पडदा अर्धा उघडा अडकला. दुरुस्त करणाऱ्याने मान हलवली. आता मला फोटो काढता येत नाहीत, पण डोळाही मिटता येत नाही. म्हणून पुढचे मी स्वतः पाहिलेले सांगतो.

ताईंनी रोल धुतला आणि फोटो घेऊन स्वतः घरी आल्या. शेवटचे दोन फाटले होते. बाकीचे आले होते. त्यांनी एकतीस नंबर वेगळा मोठा करून आणला होता. तो टेबलावर ठेवताना त्या म्हणाल्या, "भाऊ, फोकस आरशावर बसलाय. वहिनी थोड्या धूसर आल्यात."

अकरा महिने ज्याची धास्ती घेतली होती, ते वाक्य कुणीतरी बोलून गेले. मी मालकांकडे पाहिले. त्यांनी फोटो उचलला. धूसर असल्या तरी त्या मालकीणबाईच होत्या. मान जराशी कललेली, ओठ हसण्याच्या बेतात. मालक फोटोभर नजर फिरवत होते. मग ते थांबले. चष्मा वर केला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला. आकडे वाचण्यात त्यांचे आयुष्य गेले होते.

आरशाच्या कोपऱ्यातला तो कागद अगदी स्वच्छ आला होता. मालकांनी मोठ्याने वाचले.

"रोल काढताना. एक, खालचं छोटं बटण दाबा. दोन, मग मूठ बाणाकडे फिरवा. नाही फिरली तर जोर लावू नका, बटण परत दाबा. तीन, दार शेवटी. अहो, घाई करू नका."

मुलगी शेजारी उभी होती. मालक तिच्याकडे बघून हसायला लागले. "हिनं मला शिकवलं बघ. ते बघायला आधी रोल काढता यायला हवा!" ते हसता हसता खाली बसले आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचू लागले.

आरशावर आता कागद नव्हता, म्हणून संध्याकाळी दोघांनी मिळून कपाट सरकवले. कपाटाखाली घसरून गेलेला तो कागद धुळीत, भिंतीला टेकून पडला होता. मागचा डिंक सुकला होता. मालकांनी तो झटकला आणि पुन्हा आरशाच्या त्याच कोपऱ्यात चिकटवला. चिकटवताना आरशात बघावेच लागले.

आता मी त्या आरशासमोर, शिलाई मशीनवर असतो. मालक रोज सकाळी तिथे दाढी करतात.

मित्रांनो, मला कपड्याने पुसा, कोरड्या जागी ठेवा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठे मागणे आहे. तुमच्या घरात आई जे काम करते, बाबा जे काम करतात, आजी-आजोबा करतात, ते एकदा त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या बाजूने बघून घ्या. समोर बसून सगळे दिसत नाही. खालचे बटण कुठे आहे, ते विचारा. सांगायला माणूस आहे तोवर विचारा.